न दुखणारा डोळा आणि पडद्याचं ऑपरेशन

डोळ्यात साधं कुसळ गेलं तरी माणूस कासावीस होतो. पण डोळ्याचा मागचा पडदा फाटला, त्याखाली पाणी शिरून तो जागचा सुटला, तरी कळ म्हणून येत नाही. डोळा लाल होत नाही, गळत नाही. एका कडेने काळी सावली येते, समोर अचानक ढीगभर ठिपके तरंगायला लागतात, अंधारात काहीतरी लखकन चमकतं, एवढंच. दुसरा डोळा शाबूत असल्यामुळे काम भागतं. ‘मोतीबिंदू असेल, दिवाळी झाली की दाखवू’ म्हणता म्हणता पंधरा दिवस जातात. व्हिट्रेक्टॉमी या पडद्याच्या ऑपरेशनबद्दल लिहिताना आधी हेच सांगायला हवं. कारण ऑपरेशननंतर नजर किती येणार, हे बऱ्याच अंशी रुग्ण केव्हा पोचला यावर ठरतं.

आपल्या डोळ्यात भिंगाच्या मागे जी पोकळी आहे, तिच्यात साधारण 4 मिलिलिटर पारदर्शक जेल असतं. त्यातलं 98 टक्क्यांहून जास्त पाणीच. उरलेल्यात कोलॅजेनचे बारीक तंतू आणि हायलुरोनिक अ‍ॅसिड. तरुणपणी हे जेल पडद्याला चिकटून असतं. वय वाढलं की ते पातळ होतं, आक्रसतं आणि पडद्यापासून सुटतं. बहुतेकांच्या बाबतीत यातून चार ठिपके तरंगण्यापलीकडे काही होत नाही. काहींच्या डोळ्यात मात्र सुटता सुटता ते पडद्याला हिसका देतं आणि पडदा फाटतो. चष्म्याचा मायनस नंबर मोठा असणाऱ्यांना हा धोका जास्त. कधी हा ताण पडद्याच्या मध्यबिंदूवर, मॅक्युलावर येतो आणि तिथेच छिद्र पडतं. भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे एक डोळा झाकून पाहा, मग दुसरा. चौकटीच्या सरळ रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधलीच तारीख गायब झाली, तर चष्म्याच्या दुकानात नको, थेट पडद्याच्या डॉक्टरांकडे जा.

व्हिट्रेक्टॉमी म्हणजे डोळ्यातलं हेच जेल काढून टाकणं. पण 1960च्या दशकापर्यंत या जेलला हात लावायचा नाही, असाच शल्यचिकित्सकांचा दंडक होता. मायामीतल्या डेव्हिड कॅसनर यांनी डोळा समोरून उघडून जेल काढून दाखवलं आणि त्याच्याविना डोळा तग धरतो हे सिद्ध झालं. त्याच शहरातल्या बास्कम पामर संस्थेत जर्मनीहून आलेले रॉबर्ट माखेमर काम करत होते. डोळा न उघडता, बारीक छिद्रातून हे जेल काढता येईल का, हा प्रश्न त्यांना पडला. पहिले प्रयोग त्यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकावर केले, कारण तोही असाच चिकट आणि ओढलं की तुटेना असा. ज्याँ-मारी पारेल या अभियंत्याच्या मदतीने त्यांनी एकाच वेळी कापणारं, शोषणारं आणि आत पाणी सोडणारं उपकरण बनवलं. 1970 साली मधुमेहामुळे डोळ्यात रक्त साचलेल्या रुग्णावर त्यांनी अशी पहिली शस्त्रक्रिया केली. आज जगभर होणारी ही ऑपरेशनं त्याच कल्पनेवर उभी आहेत.

आता बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागात, तीन छिद्रं घेतात. जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंदीची, त्यामुळे बहुतेक वेळा टाकाही लागत नाही. एकातून द्रव आत जात राहतो, म्हणजे डोळा पिचकत नाही. दुसऱ्यातून प्रकाशाची नळी. तिसऱ्यातून कटर. त्याच्या टोकाजवळ बाजूला एक खिडकी असते आणि आतली धार मिनिटाला हजारो वेळा पुढेमागे होते. एवढा वेग कशासाठी? जेल नुसतं ओढलं तर त्याला चिकटलेला पडदाही ओढला जाईल. म्हणून आधी कापायचं, मग शोषायचं. मॅक्युलाच्या छिद्रात याहून नाजूक काम असतं. पडद्यावरचा काही मायक्रॉन जाडीचा पापुद्रा निळ्या रंगाने रंगवून, चिमट्याच्या टोकात पकडून गोल सोलून काढतात. हे सगळं बहुधा भूल डोळ्यापुरती देऊन होतं. रुग्ण जागा असतो, कधी कधी त्याला हलणारा उजेड आणि हत्यारांच्या सावल्याही दिसतात. हे आधी सांगितलेलं असलं तर तो घाबरत नाही.

जेल काढल्यावर त्या जागी द्रव, वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. वायूचा बुडबुडा पडद्याला आतून दाबून धरतो. पण बुडबुडा नेहमी वर तरंगतो आणि मॅक्युला तर डोळ्याच्या मागच्या भिंतीवर, म्हणून काही दिवस मान खाली घालून राहायला सांगतात. घरातल्यांची खरी गरज इथे लागते. टेबलावर उशी ठेवून कपाळ टेकायची सोय करा, ताट खाली ठेवा, रात्री पालथं झोपताना कूस बदलली तर हाक मारा. पहिल्या दिवसांत सगळं धूसर असतं. मग वरून नजर साफ होत जाते आणि हलणाऱ्या पाण्याच्या पातळीसारखी रेघ दिसते. ती रोज खाली उतरते. बुडबुडा वर असूनही रुग्णाला खाली दिसतो, कारण पडद्यावरची प्रतिमा उलटी असते. एसएफ-6 वायू दोनेक आठवड्यांत विरतो, सी-3-एफ-8 सहा ते आठ आठवडे राहतो.

तोवर विमानप्रवास बंद. उंचीवर हवेचा दाब कमी झाला की वायू फुगू पाहतो, डोळ्यातला दाब चढतो आणि नजर कायमची जाऊ शकते. घाटालाही हेच लागू. मुंबईत ऑपरेशन करून सुमारे 1,370 मीटरवरच्या महाबळेश्वरला घरी निघालेल्या माणसाने गाडीत बसण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. त्या काळात दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनसाठी भूल द्यायची वेळ आली, तर डोळ्यात वायू आहे हे सांगायचं. नायट्रस ऑक्साइडनेही तो फुगतो.

मधुमेह्यांची गोष्ट जास्त जिव्हारी लागते, कारण ती टाळता येते. साखरेने खराब झालेल्या पडद्यावर नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवतात. त्या फुटल्या की डोळ्यासमोर एकदम अंधार. मागे पडदा सुटलेला नाही, हे सोनोग्राफीत दिसलं तर काही आठवडे रक्त आपोआप विरण्याची वाट पाहता येते. पडदा ओढला जात असेल तर थांबण्यात अर्थ नाही. वर्षातून एकदा बाहुली मोठी करायचं औषध घालून पडदा तपासला असता, तर यातलं बरंच काही लेझर किंवा इंजेक्शनवर भागलं असतं. रक्तातल्या साखरेचा, एचबीएवनसीचा कागद जपून ठेवणारे लोक पडद्याची ही तपासणी विसरतात, याचं वाईट वाटतं.

पडदा सुटला असेल आणि मॅक्युला अजून जागेवर असेल, तर एकेक दिवस मोलाचा. मॅक्युला सुटून आठवडा उलटला की पडदा चिकटवता येतो, पण पूर्वीसारखं वाचन परत येईल याची खात्री देता येत नाही. पन्नाशीपुढच्या बहुतेकांना व्हिट्रेक्टॉमीनंतर दोनेक वर्षांत मोतीबिंदू होतो, त्याची वेगळी शस्त्रक्रिया लागते. ऑपरेशननंतर डोळा दुखू लागला, लाल झाला, नजर घसरली, तर मात्र रात्री-अपरात्रीही दवाखाना गाठायचा. जंतुसंसर्ग विरळाच होतो, पण झालाच तर तासांचा हिशेब असतो.

सिलिकॉन तेल भरलेल्यांनी तर पुढची तारीख विसरूच नये. ते आपोआप विरत नाही, बहुतेकांचं ते काही महिन्यांनी काढावं लागतं. दिसतंय, दुखत नाही, मग कशाला पुन्हा कापाकापी, असं म्हणून लोक फिरकत नाहीत. राहिलेलं तेल डोळ्यातला दाब वाढवू शकतं, बुबुळावर डाग आणू शकतं. डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की कोणतं तेल किंवा वायू भरलाय आणि तेल असेल तर ते कधी काढायचं, हे त्यावर लिहून घ्या, आणि ती तारीख घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा.