बिल्ट-इन फंक्शन : नावावर जाऊ नका

पायथन शिकायचे तर आधी सगळी बिल्ट-इन फंक्शन पाठ करायला हवीत, हा समज नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ खातो. अधिकृत यादीत अशी सुमारे ७० नावे आहेत. त्यांतली मेमरीव्ह्यू किंवा कंपाइल यांसारखी कित्येक नावे वर्षानुवर्षे पायथन लिहिणाऱ्यांनाही क्वचितच लागतात. सुरुवातीला प्रिंट, इनपुट, लेन, इंट, फ्लोट, स्ट्र, रेंज, सम, मॅक्स, मिन, सॉर्टेड आणि टाइप ही डझनभर पुरेशी आहेत. (इथे नावे देवनागरीत लिहिली आहेत, संगणकावर ती इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करायची.) या बारांपैकी प्रत्येकाबद्दल दोन गोष्टी पक्क्या ठाऊक हव्यात : याला काय द्यायचे आणि हे काय परत देते. नुसत्या नावावरून अंदाज बांधला की घोटाळा होतो. पुढचे बहुतेक गैरसमज त्या अंदाजातूनच जन्मलेले आहेत.

‘ही नावे राखीव असतात, त्यामुळे चुकून वापरली तर पायथनच अडवेल,’ असे अनेकांना वाटते. राखीव असतात ते कीवर्ड. इफ, फॉर, व्हाइल धरून पायथन ३.१२ मध्ये ते ३५ आहेत आणि त्यांना व्हेरिएबल म्हणून वापरायला गेले की लगेच एरर येते. बिल्ट-इन फंक्शनच्या नावांना असे संरक्षण नाही. गुणांची बेरीज करताना विद्यार्थी लूपच्या आधी सहज ‘सम = 0’ लिहितो. प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो. वीस ओळींनंतर तोच विद्यार्थी सम फंक्शनला गुणांची लिस्ट देतो आणि पायथन सांगतो की इंट ऑब्जेक्ट असा बोलावता येत नाही. चूक वरच्या ओळीत, तक्रार खालच्या ओळीत. म्हणून ती सापडत नाही. असे झाले तर ‘डेल सम’ लिहावे किंवा शेल पुन्हा सुरू करावे, मूळ फंक्शन परत मिळते. व्हेरिएबलचे नाव ‘एकूण’ ठेवले तर प्रश्नच उरत नाही. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून व्हेरिएबलची नावे देवनागरीतही चालतात.

प्रिंट म्हणजे उत्तर देणे, हा तिसरा समज. प्रिंट फक्त पडद्यावर दाखवते. ‘क = प्रिंट(5)’ लिहिले तर पडद्यावर ५ दिसेल, पण क मध्ये नन, म्हणजे ‘काहीच नाही’, साठेल. लिस्टच्या सॉर्टचेही तसेच. सॉर्टेड हे फंक्शन नवी, क्रमाने लावलेली लिस्ट परत देते. लिस्टची स्वतःची सॉर्ट ही मेथड त्याच लिस्टमध्ये क्रम बदलते आणि नन परत देते. ‘गुण = गुण.सॉर्ट()’ या एका ओळीने गुण या नावाखालचा सगळा डेटा हातचा जातो.

इनपुटने घेतलेला आकडा म्हणजे संख्या, असे मानणारे तर घरोघरी भेटतील. पायथन ३ मध्ये इनपुट नेहमी स्ट्रिंगच देते. दोनदा ५ टाइप करून बेरीज केली की ५५ येतात. मॅक्सला स्ट्रिंग म्हणून ९ आणि १० दिले तर तो ९ मोठा ठरवतो, कारण स्ट्रिंगची तुलना पहिल्या चिन्हापासून होते. उपाय इंट हाच. आणि इंटबद्दलची एक गोष्ट मराठी वाचकाला नक्कीच आवडेल : कोणी ‘४२’ असे देवनागरी अंकांत टाइप केले तरी इंट त्याची बरोबर बेचाळीस ही संख्या करतो. प्रोग्रॅममध्ये थेट लिहायची संख्या मात्र इंग्रजी अंकांतच लागते.

राउंडबद्दलचा गैरसमज शाळेतून येतो. अर्धा आला की वरची संख्या घ्यायची, हा नियम आपल्या अंगवळणी पडलेला असतो. पायथन ३ मध्ये राउंडला २.५ दिले की २ मिळतात आणि ३.५ दिले की ४. बरोबर मधली संख्या असेल तर जवळच्या सम संख्येकडे जायचे, असा हा नियम आहे. प्रत्येक अर्धा वरच ढकलला तर मोठ्या बेरजेत हळूहळू फुगवटा येतो. तो टाळण्यासाठी ही योजना. पायथन २ मध्ये शाळेसारखाच नियम होता, त्यामुळे जुन्या पुस्तकांतली उत्तरे जुळत नाहीत. दशांशात आणखी एक अडचण असते. २.६७५ ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत तंतोतंत साठवता येत नाही, किंचित कमी साठते. म्हणून दोन दशांश स्थळांपर्यंत राउंड केल्यावर २.६७ येते. पैशांचा हिशेब करायचा असेल तर राउंडवर विसंबू नका, डेसिमल हे मॉड्यूल वापरा.

आता लेन. ते अक्षरे मोजते, असे जवळजवळ प्रत्येक धड्यात लिहिलेले असते. इंग्रजी उदाहरणांपुरते ते खपून जाते. ‘मराठी’ हा शब्द लेनला द्या : उत्तर ५ येईल. म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच युनिकोड चिन्हे त्याने मोजली. ‘क्षितिज’चे उत्तर ७ येते, कारण क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. लेन चुकत नाही. लिस्टमध्ये घटक मोजतो तसा स्ट्रिंगमध्ये चिन्हे मोजतो. पण मराठी नावांसाठी ‘दहा अक्षरांपर्यंत’ अशी अट घालणाऱ्याचा प्रोग्रॅम चुकतो. स्ट्रिंग उलटी केली तर ‘मराठी’ची वेलांटी सुटून सगळ्यात पुढे येते आणि मागे ‘ठारम’ उरते. सॉर्टेडही याच चिन्हांच्या क्रमांकांवर चालते. युनिकोडमध्ये ळ हा व च्या आधी आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. म्हणून सॉर्टेड ‘मळा’ आधी आणि ‘मसाला’ नंतर लावते. मराठी शब्दसूची किंवा मतदारांची नावे क्रमाने लावायची असतील, तर आपल्या वर्णक्रमाची जाण असलेली वेगळी लायब्ररी लागते. आपल्याकडच्या पायथनच्या धड्यांत हा भाग यायलाच हवा, असे मला ठामपणे वाटते. आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी जो डेटा हाताळायचा आहे, तो मराठीत आहे.

तयार फंक्शन वापरणे म्हणजे पळवाट, हा समज मात्र मोडीत काढावा. एकदा शिकण्यासाठी स्वतः लूप लिहून बेरीज करा, जरूर करा. पुढे सम वापरा. सॉर्टेडच्या मागे टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी रचलेल्या टिमसॉर्ट या पद्धतीचा वारसा आहे आणि ते फंक्शन सी भाषेत लिहिलेले आहे. आपण लिहिलेला लूप त्याच्या जवळपासही पोचत नाही.

शंका आली की शोधाशोध करण्याआधी शेलमध्ये हेल्प लिहून कंसात फंक्शनचे नाव टाका. आज राउंडपासून सुरुवात करा. तिथल्या ओळी शेवटपर्यंत वाचल्या तर दशांश स्थळांची संख्या ऋणही चालते, हे कळेल. मग राउंडला १२३४ आणि उणे २ देऊन पाहा : १२०० मिळतील.