पन्नास मीटरवरचा हिशेब

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे. पिकांची नासाडी करणारं रानडुक्कर मारायचं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. ती हाती आली की वाद रंगतो काडतुसावर: .३०-०६ की .३१५? कागदावर .३०-०६ सरस: साधारण ११.७ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ८२० मीटर, ऊर्जा ३९०० ज्यूलच्या आसपास. .३१५ची गोळी १६ ग्रॅमची, पण वेग ६२० मीटरच. ऊर्जा ३१००च्या घरात. (लष्करी .३०३ सामान्यांच्या हाती नको, या इंग्रजी धोरणामुळे रुजलेलं .३१५ काडतूस अजून तग धरून आहे.) ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून हलकी गोळी बाजी मारते. नुसता संवेग मोजा, दोन्ही जवळजवळ बरोबरीत येतात.

वेगवान गोळी अधिक सरळ जाते, हा .३०-०६च्या बाजूचा मुद्दा खराच. पण पनवेल-कर्नाळ्याकडच्या दाट झाडोऱ्यात नजर पोचते पन्नासेक मीटर. तेवढ्या अंतरात .३०-०६ची गोळी दोन सेंटिमीटर खाली येते, .३१५ची साडेतीन. डुकराच्या छातीपुढे दीड सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. दोनशे मीटरवर फरक जाणवेल, मान्य. पण मागे वाडी-वस्ती असताना तिथवर नेम धरायचाच कशाला?