तिसऱ्या घंटेपूर्वी

नाटकाची तिसरी घंटा होण्यापूर्वी पडद्याआड चाललेली धांदल प्रेक्षकांस दिसत नाही. संगणकाचेही तसेच आहे. कळ दाबल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत त्याचा मूळ कारभारी, ज्यास कर्नल म्हणतात, तो स्वतःच्याच आज्ञांत फेरफार करीत असतो, हे प्रथम कळले तेव्हा आम्ही चकित झालो.

१९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेल्या लिनक्स प्रणालीत ही सोय आहे. तिचा एकच तयार कर्नल जुन्या-नव्या अनेक प्रोसेसरांवर चालावा लागतो. म्हणून ठिकठिकाणी एक सर्वमान्य आज्ञा लिहून तिच्या पर्यायाची नोंद निराळी ठेवलेली असते. कर्नल प्रारंभीच प्रोसेसरचे गुण पारखतो आणि योग्य तो पर्याय मूळ जागी बसवितो. जागा उरलीच, तर काहीही न करणाऱ्या आज्ञांनी ती भरून काढतो.

यात धोका कोणता? इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरांत एक आज्ञा १ ते १५ बाइट लांबीची असते. ती अर्धवट बदललेली असताना कोणी वाचली, तर अर्थाचा अनर्थ होऊन यंत्र जागीच कोलमडेल. आजच्या यंत्रात तर अनेक प्रोसेसर एकत्र कुटुंबासारखे नांदतात. यास्तव त्यांपैकी एकच जागा असताना हे काम उरकतात. त्या क्षणी इतर कामांच्या हाका थोपविल्या जातात. बदल होताच, आधी वाचून ठेवलेल्या आज्ञा टाकून देण्यास प्रोसेसरला भाग पाडतात. गंभीर बिघाडाची हाक मात्र थोपवीत नाहीत. तिकडे डोळेझाक करणे अधिक घातक, असे कर्त्यांचे मत आहे.

सारे प्रोसेसर जागे झाल्यावर हेच काम जिकिरीचे होते. प्रथम आज्ञेच्या पहिल्या बाइटवर थांबण्याची खूण, मग उरलेला भाग, शेवटी खरा पहिला बाइट. आणि प्रत्येक पायरीस सर्वांना वर्दी!

या खटाटोपाचे मोल जानेवारी २०१८ मध्ये कळले. मेल्टडाउन व स्पेक्टर हे प्रोसेसरांतील दोष तेव्हा उघड झाले. त्यांतून गुप्त माहिती फुटण्याची भीती होती. घरोघरचे प्रोसेसर बदलणे अशक्यच. तेव्हा काही उपाय याच वाटेने, गरज असेल तेथेच बसविता आले. मेल्टडाउनपासून मुक्त असलेल्या ए.एम.डी.च्या प्रोसेसरांवर त्या उपायाचा भार पडला नाही.

हा फेरफार केवळ स्मृतीत होतो. डिस्कवरील मूळ प्रत अबाधित राहते. म्हणून यंत्र बंद होताच तो पुसला जातो आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. नटाची रंगभूषा तरी निराळी काय असते? प्रयोग शंभरावा असला, तरी ती नव्यानेच करावी लागते.