पर्यायी मैदान : नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमचा मागोवा

१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळाने, खाडीपलीकडे नवे शहर आखले ते मुंबईवरचा ताण हलका व्हावा म्हणून. आणि त्या शहराच्या नेरूळ विभागात, शीव-पनवेल महामार्गालगत ४ मार्च २००८ रोजी खुल्या झालेल्या डी. वाय. पाटील स्टेडियमच्या वाट्यालाही पुढे बहुतांशी तेच काम आले. येथे झालेल्या मोठ्या सामन्यांचा मागोवा घेतला असता, त्यांतील बरेचसे अन्यत्र काहीतरी अडल्यामुळे येथे आले, असे दिसते.

कोल्हापूरचे राजकारणी व शिक्षणसंस्थाचालक ज्ञानदेव यशवंतराव पाटील यांच्या समूहाने आपल्या शैक्षणिक संकुलात उभारलेल्या या वास्तूचा आराखडा हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांचा आहे. छताचा भार मागच्या बाजूने पेललेला असून त्याची पुढची कड अधांतरी राहते. या रचनेला कॅन्टिलिव्हर म्हणतात, आणि तिच्यामुळे सुमारे ५५ हजारांच्या प्रेक्षागारात कोणाच्याही नजरेआड खांब येत नाही. युरोपातील छोट्या मैदानांचा इतिहास सहसा एखाद्या क्लबच्या इतिहासात विरघळलेला असतो. प्रागमध्ये १९३२ साली सुरू झालेले डोलीचेक हे चिमुकले फुटबॉल मैदान बोहेमिअन्स क्लबच्या नावावाचून ओळखताच येत नाही. नेरूळला असा कायमचा बिऱ्हाडकरू लाभला नाही, आणि खासगी मालकीच्या मैदानाने मुंबई क्रिकेट संघटनेच्या वानखेडेशी बरोबरी करावी, अशी परिस्थितीही नव्हती.

आरंभ मात्र दणक्यात झाला. उद्घाटनाला दोन महिने होण्याआधीच, २७ एप्रिल २००८ रोजी, डेक्कन चार्जर्सच्या ॲडम गिलख्रिस्टने मुंबई इंडियन्सविरुद्ध ४७ चेंडूंत नाबाद १०९ धावा फटकावल्या. १ जूनला आयपीएलचा पहिलावहिला अंतिम सामना येथे रंगला; चेन्नईच्या १६३ धावांचा पाठलाग करताना राजस्थानला शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी होती, समोरच्या टोकाला शेन वॉर्न उभा होता आणि सोहेल तन्वीरने ती काढली. त्यानंतर २०११च्या विश्वचषकासाठी वानखेडेची पुनर्बांधणी सुरू झाली तेव्हा मुंबईत मोठ्या सामन्यांसाठी हेच प्रशस्त मैदान उरले, आणि २५ एप्रिल २०१०चा अंतिम सामनाही येथेच झाला. त्याच हंगामात तेलंगण आंदोलनामुळे हैदराबाद सोडावे लागलेल्या डेक्कन चार्जर्सनी काही ‘घरचे’ सामने येथे खेळले, तर २०११ मध्ये गहुंज्याचे मैदान तयार नसलेल्या पुणे वॉरियर्सनी येथे आसरा घेतला. ही गरज सरताच आयपीएल येथून गेली, ती २०२२ पर्यंत परतली नाही. त्याआधी ११ नोव्हेंबर २००९ रोजी भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना ठरला होता खरा, पण फयान चक्रीवादळाच्या पावसाने तो एकही चेंडू न पडता रद्द झाला. मुंबईचा नोव्हेंबर एरवी इतका खट्याळ नसतो.

रिकाम्या पडलेल्या या वास्तूला दुसरा जन्म दिला तो फुटबॉलने. इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटी एफसीने २०१४ साली येथे मुक्काम ठोकला आणि १८ ऑक्टोबरच्या पहिल्याच घरच्या सामन्यात एफसी पुणे सिटीला ५-० असे लोळवले. त्यात आंद्रे मोरित्झने त्या लीगमधली पहिली हॅट्ट्रिक, म्हणजे एकाच सामन्यात तीन गोल, नोंदवली. मात्र क्रिकेटच्या मैदानात फुटबॉल बसवणे हा तडजोडीचा मामला असतो. फुटबॉलचे १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद आयताकार पटांगण लंबगोलाकार हिरवळीच्या मधोमध आखले की प्रेक्षक बाजूरेषेपासून दूर पडतो, खेळाडूंच्या हाका त्याला ऐकू येत नाहीत; शिवाय क्रिकेटच्या खेळपट्ट्यांचा मधला पट्टा चिकणमाती रोलरने दाबून टणक केलेला असतो, तर फुटबॉलला सर्वत्र सारख्या उसळीची, पायाखाली किंचित दबणारी हिरवळ लागते. दोन हंगामांनंतर, २०१६ मध्ये, मुंबई सिटीने अंधेरीच्या आटोपशीर मैदानाची वाट धरली, यात नवल नाही.

२०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तर उलटा न्याय झाला. भारताचे साखळी सामने मुळात नेरूळला व्हायचे होते, परंतु केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या इच्छेने ते दिल्लीला नेण्यात आले, आणि येथल्या प्रेक्षकांनी ६ ऑक्टोबरला न्यूझीलंड-तुर्कस्तान व पॅराग्वे-माली हे सामने पाहून समाधान मानले. पुढे २५ ऑक्टोबरला स्पेनने मालीला ३-१ असे हरवले, तो उपान्त्य सामना मात्र याच मैदानावर झाला.

यजमान संघाची येथली पाळी पुन्हा हुकली ती जानेवारी २०२२ मध्ये. महिला आशियाई चषकात भारताने २० तारखेला इराणशी गोलशून्य बरोबरी केली, पण संघात करोनाचे रुग्ण निघाल्याने २३ तारखेला चायनीज तैपेईविरुद्ध पुरेसे खेळाडूच उभे राहू शकले नाहीत आणि भारत स्पर्धेबाहेर गेला. ६ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात चीनने दक्षिण कोरियाविरुद्ध दोन गोलांच्या पिछाडीवरून ३-२ असा विजय मिळवला. त्याच वर्षी, फिफाने भारतीय महासंघावर घातलेले निलंबन ऑगस्टअखेर उठल्यामुळे बचावलेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना ३० ऑक्टोबरला येथे झाला, आणि स्पेनने कोलंबियाला त्यांच्याच स्वयंगोलामुळे १-० असे हरवले.

यानंतर मैदानाची ओळख मुख्यतः महिलांच्या खेळाशी जोडली गेली. ११ डिसेंबर २०२२च्या भारत-ऑस्ट्रेलिया टी-२० सामन्याला प्रवेश विनामूल्य होता. दोन्ही संघांच्या १८७ धावा झाल्याने बरोबरी फोडण्यासाठी सुपर ओव्हर, म्हणजे जादा एक षटक, खेळवावे लागले आणि ४० हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर भारत जिंकला. ४ मार्च २०२३ रोजी महिला प्रीमियर लीगचा श्रीगणेशा येथेच झाला, आणि त्याच डिसेंबरात भारताने इंग्लंडला ३४७ धावांनी हरवून महिला कसोटीतील धावांच्या फरकाने सर्वांत मोठा विजय नोंदवला.

२०२५च्या महिला विश्वचषकाचे काही सामने मुळात बंगळूरूला व्हायचे होते. ४ जूनला चिन्नास्वामी मैदानाबाहेरील चेंगराचेंगरीत ११ जणांचा बळी गेल्यानंतर ते नेरूळला हलवण्यात आले. २६ ऑक्टोबरला येथेच बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना प्रतिका रावल जायबंदी झाली आणि तिच्या जागी आयत्या वेळी शफाली वर्माला बोलावणे धाडावे लागले. उपान्त्य सामन्यात वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे लक्ष्य गाठून दिले. २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात याच शफालीने ८७ धावा काढून दोन बळी टिपले, तर दीप्ती शर्माने पाच बळी घेतले. शेवटचा झेल हरमनप्रीत कौरने मागे धावत टिपला आणि दक्षिण आफ्रिका ५२ धावांनी पराभूत झाली. देशांतर्गत क्रिकेटमध्ये धावांच्या राशी ओतूनही भारताकडून एकदाही न खेळलेले मुंबईकर अमोल मुजुमदार तेव्हा या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते.