थंडीच्या पहाटे गाडी का रुसते?

कार्तिक सरला की बालाघाटाच्या माथ्यावर गारठा वाढतो. भूम, वाशी, कळंबकडच्या वस्त्यांवर पहाटे शेकोटीशिवाय भागत नाही. नेमक्या अशाच वेळी घाई उद्भवते. घरातल्या लेकीला कळा सुरू होतात, नाहीतर म्हाताऱ्याच्या छातीत दुखू लागतं. १०८ ला फोन लागलेला असतो, पण वस्ती आडबाजूला, रस्ता कच्चा. मग कोणीतरी दारातली जीप काढायला धावतो. सेल्फ मारला की इंजिन घरघरतं, पांढरा धूर ओकतं, दोन गचके देतं नि गप्प बसतं.

वाचकहो, गाडी कधी उगाच रुसत नाही. काय दुखतंय ते ती सांगत असते, आपण ते ओळखायला पाहिजे.

थंडीनं होतं काय?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानं १८९२ साली पेटंटसाठी अर्ज केला तो याच युक्तीवर : हवा जोरात दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेनं तेल पेटतं. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, तसंच हे. पण रात्रभर गारठलेलं लोखंड ही उष्णता शोषून घेतं. त्यात ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर कमी पडतो. म्हणून दुपारी एका सेल्फला सुरू होणारी गाडी पहाटे हैराण करते.

आधी कान, मग डोळे

सेल्फ मारताना इंजिन हळू, दमल्यासारखं फिरतं का? मग दोष बहुधा बॅटरीकडे. चांगली भरलेली बारा व्होल्टची बॅटरी रात्रभर उभी राहूनही साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्याही खाली गेली तर बॅटरी थकली समजा, किंवा जोड सैल आहेत. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर आधी मायनसची वायर सोडा, गरम पाण्यानं धुवा, पुसून घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. इंजिनाची अर्थिंगची पट्टीही हलवून बघा. बॅटरीत पाणी घालायचं तर डिस्टिल्डच, विहिरीचं नाही.

इंजिन झपाट्यानं फिरतंय, पण धूर अजिबात नाही? मग डिझेल आत पोचत नाही. हातपंप मारल्यावर गाडी सुरू होत असेल तर लाइननं हवा धरली म्हणायची. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू थोडा सैल करा, बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारा, मग स्क्रू आवळा. पण रोज हवा काढून उपयोग नाही. ती शिरते कुठून ते शोधा. तडकलेला रबरी पाइप, दबलेला वॉशर, सैल फिल्टर, यापैकीच काहीतरी सापडेल.

पांढरा धूर येतो, गाडी थरथरत सुरू होते आणि मिनिटाभरात सुरळीत चालते? मग डिझेल पोचतंय, पण एखाद्या सिलिंडरमध्ये पेटत नाही. ज्या गाडीला हीटर प्लग आहेत, तिथं पहिला संशय त्यांच्यावर घ्या. चारपैकी एक गेला तरी गाडी अशीच लंगडते.

हीटर घरी तपासा

प्लग जोडणारी पट्टी काढा. बारा व्होल्टच्या बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी प्लगच्या टोकाला लावा. बल्ब लागला तर प्लगची तार शाबूत, नाही लागला तर प्लग जळाला. सगळे ठीक निघाले तर पट्टी पुन्हा बसवून तिच्यापासून बॉडीला बल्ब लावा आणि चावी फिरवा. काही क्षण तरी बल्ब लागायला हवा. नाही लागला तर फ्यूज किंवा रिले बघा. बऱ्याच ट्रॅक्टरना हीटर नसतात. तिथं नोझल आणि कॉम्प्रेशन मिस्त्रीकडून तपासून घ्या.

सावध राहा!

जुन्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री पाइपाचा नट सैल करून मेलेला सिलिंडर शोधतो. नव्या कॉमन रेल गाडीत हे चुकूनही करू नका. तिथं दाब हजार बारच्याही पुढे असतो. डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते आणि हात गमवायची पाळी येते.

हवेच्या तोंडाशी पेटता काकडा धरू नका. हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नका. भडका उडून पिस्टन फुटतो. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. गाडी सुरू होताच रेस देऊ नका, ऑइल वर चढू द्या.

पेट्रोल गाडी असेल तर चावी फिरवून दोन-तीन सेकंद थांबा, पंपाला दाब धरू द्या. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर तपासा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि ते पाणी ओढतं. म्हणून टाकीत थोडंच पेट्रोल ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नका. डिझेलचीही टाकी थंडीत संध्याकाळीच भरून ठेवलेली बरी. रिकाम्या जागेत दव धरतं आणि ते पाणी फिल्टरमध्ये उतरतं. फिल्टरखालचा स्क्रू सोडून ते अधूनमधून काढत जा.

बरेच जण यावर एकच उपाय करतात : गाडी उतारावर लावतात. त्यानं एक दिवस निभतो, दुखणं तसंच राहतं. दिवाळीच्या आतच बॅटरी, हीटर, फिल्टर बघून घ्या. सरपंच आणि पोलीस पाटलांनाही एक विनंती : गावातली कोणती गाडी पहाटे एका सेल्फला सुरू होते, याची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. अवघडलेल्या बाईला मिस्त्री उठेपर्यंत थांबा म्हणता येत नाही.