मनःप्रतिमा आणि सराव

डोळे मिटून एखादी वस्तू मनासमोर उभी करावी, तिचा रंग व आकार न्याहाळावा आणि हा क्रम नित्य चालू ठेवावा, असा उपदेश पुष्कळदा केला जातो. तो निष्ठेने पाळूनही अनेकांना अंधाराखेरीज काही दिसत नाही. मग आपलीच चिकाटी कमी पडली, अशी त्यांची समजूत होते. ती कितपत खरी आहे हे ठरविण्यासाठी येथे गुंतलेल्या दोन शक्ती निराळ्या करून पाहिल्या पाहिजेत.

पहिली शक्ती प्रतिमेच्या स्पष्टतेची. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने लोकांना त्या दिवशीच्या न्याहारीचे टेबल आठवावयास सांगितले आणि ते चित्र किती उजळ, रेखीव व रंगीत आहे, असे विचारले. त्याचे निष्कर्ष १८८० साली प्रसिद्ध झाले. काहींना ते टेबल प्रत्यक्षासारखे दिसले, तर काहींना मुळीच दिसले नाही. त्यांत अनेक वैज्ञानिकही होते. प्रतिमांच्या या अभावाला २०१५ साली ॲडम झेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ॲफँटेशिया’ हे नाव दिले. सरावाने स्पष्टता वाढते काय? रॅडमेकर आणि पिअर्सन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच दिवसांच्या सरावानंतरही प्रतिमेचे बळ वाढले नाही. मात्र आपली प्रतिमा कितपत स्पष्ट आहे, याचा अंदाज लोक अधिक अचूकपणे करू लागले.

दुसरी शक्ती आकार मनात फिरविण्याची. शेपर्ड आणि मेट्झलर यांच्या १९७१ च्या प्रयोगात घनांच्या जोडआकृतींची दोन चित्रे दाखवून ती एकाच वस्तूची आहेत काय, असे विचारण्यात आले. दोन चित्रांतील कोन जितका मोठा, तितका उत्तरास वेळ अधिक लागला. जणू वस्तू मनात ठराविक गतीने फिरत होती. ही शक्ती मात्र सरावाने वाढते. अशा २१७ अभ्यासांचा आढावा २०१३ साली घेण्यात आला, तेव्हा ही वाढ टिकाऊ असल्याचे आणि न शिकविलेल्या कोड्यांतही उपयोगी पडत असल्याचे दिसून आले.

म्हणून सराव असा निवडावा की ज्याचे उत्तर पडताळता येईल. बाहेरून रंगविलेल्या एका मोठ्या घनाचे सारखे २७ लहान घन केले, अशी कल्पना करा. किती घनांच्या तीन बाजू रंगीत असतील? किती घनांच्या दोन? किती घनांची एकच? आणि किती घन अगदी कोरे राहतील? उत्तरे अनुक्रमे ८, १२, ६ आणि १ अशी आहेत. कोपरे, कडा आणि पृष्ठे यांचा संबंध ध्यानात आला की चित्र अंधुक असले तरी उत्तर चुकत नाही. ज्याला रंग दिसत नाहीत, त्यालाही ही वाट मोकळी आहे.