शाळेचे छप्पर उतरवताना

कोकणात शंभरी गाठलेल्या कितीतरी शाळा अजून कौलारू आहेत. पूर्वी लोकल बोर्डाच्या, १९६२ पासून जिल्हा परिषदेच्या. चिऱ्याच्या भिंती सहसा शाबूत असतात. थकते ते छप्पर. ‘कौले काढून पत्रे टाका’ ही सूचना मग हमखास येते.

यातले मंगलोरी कौल परदेशी वाणाचे. आल्सेसमधल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्टने १८६५ मध्ये मंगळूरजवळ जेप्पूला कौलांचा कारखाना काढला. नळीची कौले दरवर्षी शाकारावी लागत. खोबणीच्या कौलाने तो व्याप कमी केला आणि समुद्रमार्गे ते किनाऱ्यावर सगळीकडे पोचले.

छप्पर गळले की दोष कौलांना मिळतो. पण भाजलेली माती सहजासहजी मरत नाही. माकडांनी किंवा पडलेल्या फांदीने चार कौले फुटतात, पाणी आत शिरते, रिपा कुजतात; वाशांची भिंतीत गेलेली टोके वाळवी पोखरते. म्हणून दुरुस्ती खरी लाकडाची असते.

काम मे महिन्याच्या सुट्टीत होते. कोने, म्हणजे आढ्यावरची कौले, आधी निघतात, मग आढ्याकडून वळचणीकडे एकेक ओळ. प्रत्येक कौल बोटाने वाजवून पाहतात: खणखणीत ते ठेवायचे, बद्द ते टाकायचे. शेवाळ घासून कौले उभी रचतात. वाशाचे कुजके टोक कापून सांधा देता येतो; अख्खा वासा फेकण्याची गरज नसते. रिपांचे अंतर मात्र हातातल्या कौलावरून ठरते, कारण एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या खोबणीत नीट बसतेच असे नाही. जाणता सुतार जुनी कौले एका उतारावर एकत्र करतो आणि नवी दुसऱ्यावर लावतो. कौले चढवायची ती खालून वर.

हिशेबही पाहावा. चौरस मीटरला साधारण पंधरा कौले, एकाचे वजन अडीच किलोच्या आसपास. साठ चौरस मीटरच्या छपराला नऊशे कौले, म्हणजे सव्वादोन टन. एवढा भार पेलणाऱ्या जुन्या लाकडाची तपासणी वाकबगार माणसानेच करावी.

पत्रा स्वस्त आणि हलका आहे, झटपट बसतो. पण नुसता पत्रा एप्रिलमध्ये वर्ग तापवतो आणि जुलैच्या सरीत गुरुजींचा आवाज बुडवतो. शाळा शिकण्यासाठी असेल, तर हा खर्च अंदाजपत्रकात धरायलाच हवा. शाळा व्यवस्थापन समित्यांनी ठराव करण्याआधी एक कौल काढून वाजवून पाहावे.